नकाशा काढणारी व्हायचंय

"आमच्या 20 गुंठ्यांवर डीपी रोडचं (शहराच्या विकास आराखड्यातल्या रस्त्याचं) आरक्षण पडलं. नगररचना विभागात खेटे घालताना मुलगी सोबत असायची. ती आता अकरावी सायन्सला आहे आणि म्हणते, मला हा नकाशा काढणारी व्हायचंय. अमेरिकेत शहराचा नियोजन आयोग असतो, असं तिनं वाचलं. आपल्याकडे तो आहे का? परीक्षा कोणती?"
– एक पालक, परभणी

नमस्कार,

ज्या नकाशानं घरात काळजी आणली, तोच शिकावा असं लेकीला वाटतंय, याचं मला फार कौतुक वाटलं.

अमेरिकेतला तो आयोग म्हणजे नोकरी नव्हे. शहरातलीच नेमलेली माणसं, बहुतेक ठिकाणी बिनपगारी, जाहीर सभेत बसतात. घरं कुठे, दुकानं कुठे, कोणत्या जमिनीत प्लॉट पाडू द्यायचे, यावर लोकांचं ऐकतात आणि नगर परिषदेला शिफारस करतात. 1907 मध्ये हार्टफर्ड शहरात पहिला कायमस्वरूपी आयोग झाला. त्यांच्यापुढे नकाशे मांडणारे पगारी नियोजनकार वेगळे. तुमच्या मुलीला व्हायचंय ते हे.

आपल्याकडे या नावाचा आयोग नाही. दिल्लीतला जुना योजना आयोग पंचवार्षिक योजनांचा, त्याच्याशी गल्लत नको. आपलं काम 1966 च्या नगररचना कायद्यानं चालतं. प्रारूप विकास आराखडा, म्हणजे कोणती जमीन कशासाठी याचा कच्चा नकाशा, प्रसिद्ध झाला की हरकती येतात. त्या ऐकायला नियोजन समिती बसते: स्थायी समितीचे 3 सदस्य आणि नगररचना संचालकांनी नेमलेले जास्तीत जास्त 4 जाणकार. अंतिम मंजुरी राज्य सरकारची.

अशा एका सुनावणीला मी बसले होते. धोतरातले एक आजोबा नकाशावर बोट फिरवत आपला गट नंबर शोधत होते. सापडला तो बागेच्या आरक्षणात. बोट तिथेच थांबलं. तिथल्या तरुण सहायक नगर रचनाकार बाईंनी खुर्ची ओढून त्यांना बसवलं आणि सांगितलं, आराखडा मंजूर होऊन 10 वर्षांत जागा घेतली नाही, तर कलम 127 खाली मालकाला ‘जागा विकत घ्या’ अशी खरेदीची नोटीस देता येते. (हे कलम तुम्हीही वकिलाकडून समजून घ्या.) या पेशाचं मोल मला त्या खुर्चीपाशी कळलं.

आता वाट. बारावीपर्यंत गणित सोडू नका. जेईई मेनच्या पेपर 2बी मधून 4 वर्षांचं बी.प्लॅन (नियोजनाची पदवी) करता येतं; दिल्ली, भोपाळ आणि विजयवाड्याच्या एसपीए (स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चर) या त्यासाठीच्या नामांकित संस्था. सिव्हिल किंवा आर्किटेक्चर करून पुढे गेट परीक्षेतून एम.प्लॅन (पदव्युत्तर पदवी), हीही वाट चांगली. सहायक नगर रचनाकाराची भरती एमपीएससी करते, पण ती दरवर्षी निघेलच असं नाही. म्हणून केवळ तिच्यावर विसंबू नका. खासगी सल्लागारांकडेही हे काम असतं.

मराठवाड्याला ही मुलं हवीत. संभाजीनगरात गुंठेवारीत (मंजुरीशिवाय गुंठ्या-गुंठ्यानं विकलेल्या प्लॉटांवर) वस्त्या आधी उभ्या राहिल्या आणि रस्ते, ड्रेनेज मागून आले. लातूरला 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं.

सुट्टीत तिला लातूरच्या गंजगोलाईत न्या, 16 रस्ते एका गोलाला कसे येऊन मिळतात ते बघू द्या. मग महापालिकेतून तुमच्या भागाच्या आराखड्याची प्रत घ्या, तुमचा गट नंबर तिलाच शोधू द्या आणि त्या डीपी रोडचं दुसरं टोक कुठे निघतं, ते तिला चालत जाऊन पाहू द्या. काय दिसलं ते तिनं मला लिहावं.