प्रतिबिंब नव्हे, परावर्तन

ऐरोलीच्या एका वाचकांनी विचारलंय: टेराहर्ट्झ लहरींच्या (मायक्रोवेव्ह आणि अवरक्त किरणांच्या मधल्या लहरींच्या) भिंगांवरचा लेख मराठीत आणताना ‘पृष्ठभागावरील प्रतिबिंब कमी करणे’ असं लिहिलं तर चालेल का?

मुळीच नाही. हे ‘प्रतिबिंब’ नौपाड्यात चष्म्याच्या दुकानातही कानावर येतं आणि दर वेळी चीड येते. ठाण्याच्या तलावपाळीवर जा. मासुंदा तलाव निवांत असला की दिव्यांचं प्रतिबिंब दिसतं. वारा सुटला की ते मोडतं, पण पाण्यावरून उजेड परत येतच राहतो. ते परत येणं म्हणजे परावर्तन. सिलिकॉनचा अपवर्तनांक, म्हणजे लहर त्यात किती पट मंदावते याचं माप, ३.४ च्या आसपास, म्हणून त्याच्या भिंगावर सरळ पडलेल्या टेराहर्ट्झ लहरीची सुमारे ३० टक्के शक्ती पहिल्याच पृष्ठभागावरून माघारी जाते. साध्या काचेवरून उजेड जेमतेम ४ टक्के परततो. यात बिंब कुठे आलं?

आणि ‘परततो’ हेच तर खरं रत्न आहे! परावर्तन, आवर्तन, वर्तुळ या सगळ्यांचा धातू ‘वृत्’, म्हणजे वळणे, फिरणे. निरांजनातली वातही ‘वर्ति’पासून आलेली, म्हणूनच ती वळायची असते. माझं ठाम मत असं की ‘परतणे’ आणि ‘परावर्तन’ हा एकच शब्द आहे. एक तोंडातोंडी झिजत आला, दुसरा पोथीतून जसाच्या तसा. ‘परतणे’ला ‘परिवर्तना’च्या दावणीला बांधणाऱ्यांशी माझं भांडण आहे. ‘परि’त भोवती फिरणं आहे, माघार नाही. माणूस घरी परततो, तो घराभोवती फिरत नाही. भाजी ‘परतताना’ ती कढईत गोल फिरतेच की, असं कुणी म्हणू नये: उलथन्याने वर आलेली फोड पुन्हा तळाशीच जाते!

‘परावर्तनरोधक लेप’ही मला अर्धाच पटतो. १ टेराहर्ट्झची लहर ३०० मायक्रोमीटर लांब. सिलिकॉनवर १.८५ अपवर्तनांकाचा साधारण ४० मायक्रोमीटरचा थर दिला, की थराच्या वरून आणि खालून परतणाऱ्या लहरी एकमेकींना मारतात. इथे कुणी कुणाला रोखत नाही. शिवाय दिव्यावर झेपावणाऱ्या पतंगाच्या डोळ्यावर असतात तसे बारीक सुळके सिलिकॉनमध्येच कोरले, तर लेपही उरत नाही. तिथे सरळ ‘परावर्तन घटवणारा पृष्ठभाग’ लिहा.