दहावीच्या आधी शाळा सुटू नये म्हणून

प्रश्न : आम्ही फलटण तालुक्यातील एका गावात राहतो. माझा मुलगा नववीत आहे. वाचताना त्याची ओळ सुटते, फळ्यावरचे उतरवून घेताना वेलांट्या आणि जोडाक्षरे गळतात. मात्र तोच प्रश्न वाचून दाखवला, तर गणितासकट तोंडी उत्तर बरोबर येते. सुट्टीत तो मामाच्या मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात बसतो आणि जळालेली मोटार खोलून पुन्हा भरण्याचे काम त्याला छान जमते. शाळा म्हणते, दाखला काढा आणि सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावीला बसवा. त्याचे वडील म्हणतात, मग दुकानातच बसू दे. काय करावे? – एक आई

उत्तर : ताई, दाखला काढू नका, हे पहिल्यांदा सांगते. सतरा नंबरचा फॉर्म ही शाळा सुटलेल्यांना परत परीक्षेपर्यंत आणणारी चांगली सोय आहे. पण शाळेत बसलेल्या मुलाला निकालाच्या भीतीने त्या वाटेला लावणे सर्वस्वी अयोग्य आहे. ज्याला वाचायला मदत हवी, त्याच्याकडून घरी एकट्याने वाचून दहावी होण्याची अपेक्षा धरायची आणि वर्गही काढून घ्यायचा, म्हणजे शिक्षण तिथेच थांबवणे होय.

तुम्ही लिहिलेल्या लक्षणांवरून विशेष अध्ययन अक्षमतेची (समज चांगली असूनही वाचण्या-लिहिण्यात किंवा गणितात येणाऱ्या अडचणीची) शंका घ्यायला जागा आहे. निदान मात्र तपासणीनंतरच होते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 मधील दिव्यांगत्वाच्या 21 प्रकारांत तिचा समावेश आहे. दिव्यांग प्रमाणपत्रासाठीच्या स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करून शासकीय रुग्णालयात तपासणी करून घ्यावी आणि जाताना शाळेच्या जुन्या वह्या न्याव्यात, कारण त्यांतील चुकांची तऱ्हा तज्ज्ञांच्या उपयोगी पडते. शिक्षण हक्क कायदा 14 वर्षांपर्यंतच्या मुलांना लागू आहे, त्यामुळे आठवीनंतर आधार संपला असे अनेक पालकांना वाटते. परंतु प्रमाणपत्रावर 40 टक्के किंवा अधिक अक्षमता नोंदली गेली, तर 2016 च्या कायद्याने 18 वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क मिळतो.

आता ज्या मुद्द्याकडे फार कमी लोक लक्ष देतात, त्याविषयी. प्रमाणपत्र मिळाले की राज्य मंडळाच्या दहावीच्या परीक्षेत जादा वेळ, लेखनिक (प्रश्न वाचून दाखवणारा आणि मुलाने सांगितलेले उत्तर लिहिणारा मदतनीस), शुद्धलेखनाच्या चुकांकडे दुर्लक्ष, तसेच नेहमीच्या गणिताऐवजी सातवीच्या पातळीचे अंकगणित घेण्याची मुभा अशा सवलती मागता येतात. उत्तीर्ण होणे सोपे जावे म्हणून पालक सगळ्याच सवलती एकदम घेतात. तुमच्या मुलाच्या बाबतीत तसे करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याचा ओढा विजेच्या कामाकडे आहे, आणि आयटीआयमधील वीजतंत्री (इलेक्ट्रिशियन) या व्यवसायाला विज्ञान व गणित घेऊन दहावी उत्तीर्ण असण्याची अट असते. त्याला गणित येते, अडते ते प्रश्न वाचण्यापाशी. म्हणून लेखनिक आणि जादा वेळ घ्यावा, गणित मात्र सोडू नये. सवलत निवडताना पुढचा व्यवसाय डोळ्यांसमोर हवा, आणि म्हणूनच करिअरचा विचार दहावीच्या निकालानंतर नव्हे, आत्ता नववीतच व्हायला हवा. हा विचार करताना छापील प्रश्नावलीच्या कल चाचणीवर विसंबू नका. ती त्याने स्वतः वाचून सोडवली, तर त्याच्या आवडीपेक्षा वाचनाचीच परीक्षा होईल. दुकानात तो काय करतो, हे मामांना विचारा.

त्याच्या वडिलांचे म्हणणे मला चुकीचे वाटत नाही, अपुरे वाटते. दुकानात हात तयार होईल, पण कागद मिळणार नाही. महावितरणसारख्या कंपन्या शिकाऊ उमेदवार घेताना आयटीआयचे प्रमाणपत्र पाहतात. दहावीत यश आले नाही, तरी आठवी उत्तीर्ण मुलांसाठी आयटीआयमध्ये तारतंत्री (वायरमन) हा व्यवसाय आहे. त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत अट तेवढी पाहून घ्यावी. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेत पाच विषय स्वतः निवडून, पाच वर्षांच्या मुदतीत एकेक करत दहावी पूर्ण करता येते. शिरूर तालुक्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 मध्ये सुरू केलेल्या विज्ञान आश्रमात तर शाळेत न रमलेली मुले राहून वीज, शेती, बांधकाम, वेल्डिंग अशी कामे प्रत्यक्ष हाताने शिकतात. एकदा त्याला घेऊन तिथे जाऊन या. आपल्यासारखी मुले शिकत आहेत, हे त्याने पाहणे मला महत्त्वाचे वाटते, कारण "मला काहीच येत नाही" ही समजूत एव्हाना त्याच्या मनात पक्की झाली असण्याची शक्यता आहे आणि बरीच मुले गुणांपेक्षा तिच्यामुळेच शाळा सोडतात. दुकान बंद करू नका. रविवारी आणि सुट्टीत जाऊ द्या. मोटारीवरची पाटी, वेढ्यांची संख्या, तारेचा गेज मामांनी त्याच्याकडूनच वाचून घेऊन वहीत लिहवून घ्यावे. गरजेचे म्हणून केलेले हे वाचन त्याला धड्यातल्या उताऱ्यापेक्षा कमी जाचक वाटेल.

या आठवड्यात मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या : मुलाची तपासणी सुरू आहे, त्याला शाळेतच ठेवावे, प्रमाणपत्र येताच सवलतींचा प्रस्ताव विभागीय मंडळाकडे पाठवावा आणि गट साधन केंद्रातील विशेष शिक्षकांना बोलवावे. अर्जाच्या प्रतीवर तारीख आणि शिक्क्यासह पोच घ्या. दाखल्याचा आग्रह तरीही चालू राहिला, तर तीच प्रत जोडून गटशिक्षणाधिकाऱ्यांना भेटा.