मियाजिमाला जाताय? आधी भरती-ओहोटी बघा
हिरोशिमाहून जवळचं मियाजिमा बेट दोन-तीन तासांत उरकायचा बेत असेल तर तो मोडा. इत्सुकुशिमा देवळाची लाल तोरी कमान भरतीला पाण्यात उभी दिसते, ओहोटीला तिच्या पायथ्याशी चालत जाता येतं. दोन्ही बघायचं तर मध्ये सहाएक तास जातात. सध्याची कमान १८७५ची, खांब जमिनीत न पुरता निव्वळ स्वतःच्या वजनावर उभी!

मधल्या वेळात रोपवेने मिसेन डोंगर गाठा. पुढे शिखरापर्यंत चांगलाच चढ आहे, बूट घाला.

जेवायला आनागोमेशी, म्हणजे भातावर भाजलेली वाम. कालवंही इथली प्रसिद्ध. शाकाहारी असाल तर नूडल्सच्या रश्शातही मासळीचा अर्क असतो, विचारून घ्या. मोमिजी मांजूत, म्हणजे मेपलच्या पानाच्या आकाराच्या छोट्या केकमध्ये, गोड पुरण असतं खरं, पण पिठात अंडं. आणि बेटावर मोकळ्या फिरणाऱ्या हरणांपासून कागद सांभाळा, नकाशासुद्धा खातात.