वेगवेगळ्या धर्मांचे लोक एकाच देवाला पूजतात का? सासूबाई मला माउंट मेरीला जाऊ देत नाहीत, म्हणतात तो आपला देव नव्हे. त्यांना काय सांगू?

देव एकच आहे असं मात्र सांगू नका, हराल. मलाही ते पटत नाही. ‘सगळे देव एकच हो’ म्हणणाऱ्यांतले निम्मे लोक दुसऱ्याच्या देवाच्या पायरीपर्यंतही गेलेले नसतात. बोलायला काय जातं?

मी गोव्यातल्या डिचोलीचा. आमच्याकडे सात बहिणींची गोष्ट शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. शिरगावची लईराई, मुळगावची केळबाई, मयेची महामाया, मोरजीची मोरजाई... आणि त्यांतलीच एक मिराबाई, जी म्हापशाला गेली आणि किरिस्तांव झाली. तीच इगर्जीतली, म्हणजे चर्चमधली, मिलाग्रीस सायबीण, म्हणजे मेरी. ईस्टरनंतरच्या तिसऱ्या सोमवारी तिचं फेस्त, म्हणजे जत्रा, असतं. मेणबत्त्यावाले आणि तेलाच्या बाटल्यावाले एकाच रांगेत घाम पुसत उभे असतात.

१९९४ च्या एप्रिलमध्ये आई त्या रांगेत होती. धाकट्या भावाचा पाय मोडला होता आणि प्लास्टर काढल्यावरही तो लंगडत होता, म्हणून नवस. खोकल्याच्या औषधाच्या रिकाम्या बाटलीत खोबरेल घेऊन ती सकाळच्या बसने गेली. थोडं तेल वाहिलं, उरलेलं पायाला चोळायला परत आणलं. घरी पोचेपर्यंत दुपारचे तीन वाजले होते आणि पायरीवर थोरले काका उभे होते.

काका लईराईचे धोंड, म्हणजे व्रत घेतलेले भक्त. हातात वेताची काठी, गळ्यात मोगरीच्या कळ्यांची माळ घालून दर वैशाखात होमकुंडातून जाणारे. (सोवळ्याचं कारण नव्हतं. जत्रेला अजून जवळजवळ महिना होता.) म्हणाले, “आत यायचं नाही. आधी आंघोळ.” आणि मग, “त्यांनी आपली देवळं पाडली आणि तू तिथं तेल घालून येतेस?”

देवळं पाडली हे खरंच आहे. सोळाव्या शतकात बार्देशात, म्हणजे म्हापशाच्या भागात, पोर्तुगीजांनी काय केलं ते आम्हाला कुणी शिकवायला नको. आईलाही माहीत होतं. ती एवढंच म्हणाली, “बहिणीला ओढून दुसऱ्या घरी नेली, म्हणून तिच्याकडे जायचं सोडायचं?” काका म्हणाले, बायकांना इतिहास कळत नाही.

विहिरीवरून कळशी मी आणली. बारावीची परीक्षा नुकतीच दिलेली, अकलेचा कांदा. आई धुण्याच्या दगडावर नेसत्या लुगड्यानिशी बसली आणि मी तिच्या डोक्यावर पाणी ओतलं. बाटलीला बूच नव्हतं, कागदाचा बोळा होता. तो भिजू नये म्हणून तिने डावा हात सबंध वेळ वर धरून ठेवला होता.

असो. तुमचा प्रश्न. पोथ्यांत दोन्हीकडची वाक्यं सापडतात. कुराणात २९व्या सुऱ्यात ज्यू-ख्रिश्चनांना उद्देशून ‘आमचा आणि तुमचा देव एकच’ असं आहे. मुसलमान एकाच देवाची उपासना करतात असं व्हॅटिकननेही १९६५ साली जाहीर केलं. पण पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा हे मुसलमानांना मान्य नाही, आणि जैनांकडे तर जग निर्माण करणारा कुणी नाहीच. मग ‘एकच’ म्हणजे नेमकं कोण? त्यापेक्षा मला आईचा हिशेब सरळ वाटतो. बहिणी म्हणजे एकच बाई नव्हे. चुली वेगळ्या, आवडी वेगळ्या, एकीला निखारे, दुसरीला मेणबत्त्या. पण एकीकडून दुसरीकडे गेलं म्हणून कुणी बाटत नाही.

हे सगळीकडे लागू पडत नाही, हेही सांगतो. पुण्यातल्या माझ्या मुसलमान मित्राला ही गोष्ट सांगितली तर तो हसून म्हणाला, “आमच्या अल्लाला बहीण-भाऊ नसतात रे.” बरोबर आहे त्याचं. नातं मी लावतो, ते त्याने मानावं अशी सक्ती नाही. आणि सात बहिणींची गोष्ट बाटाबाटीनंतर मनाची समजूत घालायला रचली गेली असेल, असंही कुणी म्हणेल. रचली असेल. तरी ज्याने रचली त्याला काकांपेक्षा जास्त कळत होतं.

कारण लईराई विस्तवावरून का चालते? भाऊ विस्तव आणायला गेला, खेळात रमला, तिने रागाने त्याला लाथ मारली आणि नंतर पस्तावली, म्हणून. भावंडाच्या अपमानाचं प्रायश्चित्त आहे ते. काका, तुम्ही हे वाचणार हे मला माहीत आहे. इतकी वर्षं निखारे तुडवलेत, ते कशासाठी होते?

भावाचा पाय बरा झाला. तेलाने की व्यायामाने, ते विचारू नका.

आणि ताई, सासूबाईंना काही सांगू नका. त्यांच्या वयाला कुणी बदलत नाही. जाऊन या. फक्त जायच्या आधी नवऱ्याला विचारून ठेवा, परत आल्यावर कळशी कोण आणणार आहे.