हळदीचा डबा कुठे ठेवला?

"मॅडम, हल्ली काही लक्षातच राहत नाही. अल्झायमर तर नसेल?" साठीपुढच्या कुणी ना कुणी हे विचारलं नाही, असा आठवडा जात नाही. त्यातल्याच एका काकूंची गोष्ट, ओळख बदलून.

गिरगावच्या चाळीत 41 वर्षं काढून त्या ठाण्यात सतराव्या मजल्यावर आल्या. तीन महिन्यांत हळदीचा डबा सापडेना, शेजारणीचं नाव आठवेना. डॉक्टरांच्या तपासण्यांत काही निघालं नाही, पण धास्ती जाईना.

विचार बदलण्यापासून सुरुवात करावी असं बरेच समुपदेशक मानतात. मी आधी माणूस राहतो कुठे ते बघते. तिसऱ्या भेटीत म्हटलं, "काकू, डोळे मिटा. चाळीचा जिना चढा."

"लाकडी आहे. सहावी पायरी करकरते." हात नकळत कठड्यासाठी उचलला गेला. "आत डावीकडे मोरी. वर फळी, त्यावर हळदीचा डबा, झाकणाला पोचा आलेला. मागे भिशीचे पैसे." आणि मग भिशीतल्या सातही जणींची नावं, कुणाच्या मुलीचं लग्न कधी झालं त्यासकट!

डोळे उघडून म्हणाल्या, "अगं, सगळं आहे की!" त्या दिवसापासून मी 'मॅडम'ची 'अगं' झाले.

मेंदूतला हिप्पोकॅम्पस आठवणी घडवतो आणि जागेचा नकाशाही सांभाळतो. ठरावीक जागी आल्यावरच चेतणाऱ्या पेशी मेंदूशास्त्रज्ञ जॉन ओकीफ यांना 1971 मध्ये उंदरांच्या मेंदूतल्या याच भागात सापडल्या. 2014 च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता. चाळीत काकूंचं प्रत्येक नाव कशाला तरी टेकून होतं. नव्या घरात तो टेकूच नव्हता.

म्हणून घर बदललेल्यांना सांगते, डबे रोज हलवू नका. लिफ्ट सोडून एखादा मजला चाला. नवं नाव ऐकलं की त्या माणसाचं दार नीट बघून ठेवा. मात्र नेहमीच्या रस्त्यावरच वाट चुकू लागली, तर माझ्याकडे नको, आधी न्यूरॉलॉजिस्टकडे. अल्झायमरची झीज बहुधा हिप्पोकॅम्पसच्याच परिसरात लवकर सुरू होते.

परवा काकूंनी माझ्या टेबलावर बोटानं मजला काढून दाखवला. तुळशीची कुंडी, त्या देशपांडे. सायकल, ते नायर. तिसऱ्या दाराशी अडल्या. मी वाट बघत राहिले.

"तिथे काय आठवायचं? कुलूप आहे अजून."