जुन्या फोटोंआधी भांडी उलटी करून बघा

घराण्याची माहिती शोधायची तर सगळे आधी अल्बम उघडतात. मी म्हणेन, माळ्यावरची पितळेची भांडी खाली काढा. काठावर किंवा बुडाशी ठिपक्यांनी नाव, गाव, कधी तिथीही कोरलेली असते. चिंचेने घासू नका, अक्षरं झिजतात. कोरड्या भांड्यावर टाल्कम पावडर चोळा, वरची पुसून घ्या आणि टॉर्च आडवा धरून वाचा. तिथीत शके असेल तर इसवी सनासाठी 78 मिळवा; जानेवारी ते गुढीपाडवा या काळातली तिथी असेल तर 79. म्हणजे माघ शके 1860 हे 1939 साल, 1938 नव्हे. इथे बरेच जण चुकतात.

नाव अनोळखी निघालं तर घाई नको. भांडं आजोळचं असेल, आहेरात आलेलं असेल, मोडीतूनही घेतलेलं असेल. लग्नात नाव बदलायचं, त्यामुळे एकाच बाईची दोन नावं सापडतात. वहीत दोन्ही शेजारी लिहा.

फोटो पुठ्ठ्यावरून सोडवू नका. स्टुडिओचा शिक्का बहुधा पुठ्ठ्यावरच असतो, आणि गाव तिथेच कळतं. पुठ्ठ्यासकट, मागची बाजूही, 600 डीपीआयला स्कॅन करा. मागे बॉलपेनने लिहू नका, वळ पुढे उमटतो. मऊ पेन्सिल, तीही कडेला. चिकट पानांच्या अल्बममधला फोटो ओढलात तर फाटेल. दात साफ करायचा फ्लॉस मागून हळू सरकवा. नाहीच सुटला तर पानासकट स्कॅन करा.

मग प्रिंट घेऊन घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाकडे जा. मोबाईलवर दाखवू नका, त्यांना चेहरे दिसत नाहीत.