११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर अमेरिकेचं आकाश खरंच पूर्ण बंद होतं का?

प्रवासी विमानांसाठी हो. लढाऊ विमानं मात्र घिरट्या घालत होती. ११ सप्टेंबर २००१ला सकाळी पावणेदहाच्या सुमारास हवाई वाहतुकीचे राष्ट्रीय व्यवस्थापक बेन स्लायनी यांनी हवेतली चार हजारांहून अधिक विमानं जवळच्या विमानतळावर उतरवायला लावली. त्या पदावरचा त्यांचा तो पहिलाच दिवस! अटलांटिकवरून येणाऱ्या अनेकांना कॅनडाने जागा दिली. जेमतेम दहा हजार वस्तीच्या गँडरमध्ये ३८ विमानं उतरली. १३ तारखेपासून उड्डाणं हळूहळू सुरू झाली.

कायमचा बदल म्हणाल तर कॉकपिटचं दार. आधी ते अगदीच तकलादू असायचं, आता गोळीलाही दाद देत नाही. अमेरिकेत विमानतळावरच्या तपासणीत २०२५पर्यंत बूट काढायला लावायचे, ते मात्र या हल्ल्यामुळे नाही. डिसेंबर २००१मध्ये एकजण बुटात स्फोटकं लपवून विमानात बसला, ती त्याची कृपा.